प्रिंट मारून बघितलंस का?

आमच्या धंद्यात कुणाचाही प्रोग्रॅम अडला की शेजारच्या टेबलावरून पहिला प्रश्न ठरलेला येतो: “प्रिंट मारून बघितलंस का?” म्हणजे मधल्या किमती स्क्रीनवर छापून बघितल्यास का. विचारणाऱ्याला आपला कोड माहीत नसतो, बग काय आहे तेही माहीत नसतं, मान स्वतःच्या स्क्रीनवरून हललेली नसते. तरी सल्ला बहुतेक वेळा लागू पडतो. आपण लिहिलेला कोड आपल्याला दिसतो आणि बाहेर पडलेलं उत्तर दिसतं. मधे मेमरीत जे काही मांडलेलं असतं ते आपण गृहीत धरून चाललेलो असतो, आणि घोळ नेमका त्या गृहीत धरलेल्यात असतो.

प्रिंटला मी नावं ठेवणार नाही. ज्या सर्व्हरवर डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत बघू देणारं टूल, लावायची परवानगीच नसते तिथे दुसरं काही हातात नसतंही. पण एखाद्या व्हेरिएबलची किंमत छापणं वेगळं आणि एखादी रचना बघणं वेगळं. हजारो नोडचा ट्री, एकमेकांकडे बोट दाखवणारी ऑब्जेक्टं, अर्धवट भरलेलं हॅश टेबल, हे ‘छापायचं’ म्हणजे नक्की काय करायचं? कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, काय गाळायचं? हे कुणीतरी ठरवावं लागतं. आपण नाही ठरवलं तर ज्याने टूल बनवलं त्याने ठरवलेलं असतं. डीबगर आपल्याला मेमरी दाखवतो असं आपण म्हणतो खरं. तो दाखवतो ते मेमरीबद्दल कुणाचं तरी मत असतं. हे एकदा डोक्यात बसलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

माझ्या वयाच्या, महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या बहुतेकांचा पहिला डीबगर म्हणजे टर्बो सी. निळी स्क्रीन, माउस असून नसल्यासारखा. ‘डेटा स्ट्रक्चर्स’च्या प्रॅक्टिकलला लिंक्ड लिस्ट यायची. जर्नलमध्ये प्रत्येक नोडचा चौकोन पट्टीने आखायचा, त्याचे दोन भाग करायचे, डावीकडे आकडा, उजवीकडून पुढच्या चौकोनाकडे बाण, शेवटी नल. सगळं सुबक. मग पीसीवर बसून एफ७ दाबत एकेक ओळ पुढे सरकायचं, कंट्रोल-एफ७ने हव्या त्या व्हेरिएबलवर वॉच लावायचा, आणि खालच्या पट्टीत उमटायचं काय? ‘डीएस’, कोलन आणि एक चार अंकी हेक्साडेसिमल आकडा. तो पत्ता. म्हणजे जर्नलमधला बाण. या दोघांचा संबंध ज्याला तिथे लॅबमध्येच लागला त्याला पॉइंटर, म्हणजे पत्ता साठवणारी व्हेरिएबलं, समजले. बाकीच्यांनी एक्स्टर्नलपुढे म्हणायला व्याख्या पाठ केली. आमचे सर फेऱ्या मारताना एकच वाक्य म्हणायचे, “आधी पत्ते कागदावर उतरवून घ्या, मग बाण काढा. उलटं करू नका.” तेव्हा ती नुसती कटकट वाटायची. पण बाण आधी काढला की आपण तो जिथे असायला हवा तिथे काढतो. पत्ता आधी उतरवला की जिथे आहे तिथेच काढावा लागतो.

यंत्राच्या पोटातलं थेट डोळ्यांना दिसावं ही सोय अगदी सुरुवातीच्या यंत्राला होती, हे वाचलं तेव्हा मला मोठी मौज वाटली. मँचेस्टर विद्यापीठातलं ‘बेबी’ २१ जून १९४८ रोजी पहिल्यांदा नीट चाललं. स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारं ते पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र. फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी त्याची मेमरी केली होती कॅथोड रे नळीची, म्हणजे जुन्या टीव्हीत असायची तसली नळी, आणि तिच्या पडद्यावर धरून ठेवलेले विद्युतभार म्हणजे बिटं. ३२ ओळी, ओळीत ३२ बिटं, बास. साठवणाऱ्या नळीचं तोंड धातूच्या पत्र्याने झाकलेलं असल्यामुळे तेच चित्र उमटवणारी आणखी एक नळी माणसांसाठी समोर ठेवलेली. तिच्यावर अख्खी मेमरी ठिपक्यांच्या रूपात दिसायची. किलबर्नचा पहिला प्रोग्रॅम २च्या १८व्या घाताला भाग घालणारी, ती संख्या सोडून सर्वांत मोठी संख्या शोधत होता. तो ५२ मिनिटं चालला आणि १,३१,०७२ हे उत्तर त्याच पडद्यावर ठिपक्यांतून वाचायचं होतं. तेही एककाचं घर डावीकडे, आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटं. टूल आणि मेमरी यांच्या मधे कुणी नाही. मत नाही, सारांश नाही. पण मग ठिपक्यांचा अर्थ लावायचं सगळं ओझं बघणाऱ्याच्या डोक्यावर.

केंब्रिजचा एडसॅक पुढच्या वर्षी, मे १९४९मध्ये चालू झाला. त्यालाही मेमरी दाखवणारे पडदे होते. पण यंत्राचा वेळ महाग आणि रांगेत माणसं उभी, तेव्हा पडद्यासमोर हनुवटीला हात लावून बसणं कुणाला परवडणार? स्टॅनली गिल याने १९५१मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एडसॅकवरच्या प्रोग्रॅममधल्या चुका कशा शोधायच्या यावर निबंध लिहिला. प्रोग्रॅम बंद पडला की मेमरीतला हवा तो भाग छापून घ्या आणि यंत्र दुसऱ्याला मोकळं करून द्या, ही त्यातली एक पद्धत. तिला पोस्टमॉर्टेमच म्हणत. आपला कोअर डम्प याच घराण्यातला. चुंबकी कड्यांची ‘कोअर’ मेमरी केव्हाच भंगारात गेली, नाव तेवढं उरलं. डम्प हा पंचनामा असतो: जागेवर जे जे पडलेलं होतं ते सगळं, जसंच्या तसं, कसलाही निष्कर्ष न काढता. पहिल्यांदा वाचणाऱ्याला त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

कळावं म्हणून मधे दुभाषे आले, म्हणजे डीबगर. (त्यांच्यातल्या एका जुन्या दुभाष्याचं नाव डीडीटी. १९६१चा, एमआयटीतल्या पीडीपी-१ यंत्रावरचा. बग मारायला कीटकनाशक, हा विनोद त्या मंडळींनी फार मनावर घेतला होता.)

मी रोज वापरते तो दुभाषा जीडीबी. रिचर्ड स्टॉलमनने तो १९८६मध्ये आणला. सी भाषेत इंटकडे, म्हणजे पूर्णांकाकडे, बोट दाखवणारा पॉइंटर हातात आला, तर त्या पत्त्यावर एकच इंट आहे, दहा आहेत, की काहीच धड नाही, हे भाषेलाच माहीत नसतं. म्हणून जीडीबीत ‘ॲट’च्या चिन्हाची युक्ती आहे: पॉइंटर, ॲट, दहा, असं लिहिलं की तो तिथून पुढची दहा घरं ॲरे, म्हणजे एक सलग रांग, समजून छापतो. दहा म्हणालो की दहा. खरी चारच असली तरी उरलेली सहा तो तितक्याच गंभीर चेहऱ्याने छापतो. रचना मेमरीत नसते, आपण बरोबर घेऊन आलेलो असतो, हे यापेक्षा उघडपणे दुसरं कुठलं टूल सांगत नसेल.

स्ट्रक्चरची (एकत्र बांधलेल्या फील्डांच्या गठ्ठ्याची) नावं, फील्ड, प्रकार हेही मेमरीत कुठे नसतं. आपल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्याची वेगळी वही लिहून ठेवतो. युनिक्सच्या जगात त्या वहीच्या नमुन्याला ‘ड्वार्फ’ म्हणतात, कारण ज्या फाइलीत ती असते तिचा नमुना ‘एल्फ’. परीकथेतली जोडी. प्रॉडक्शनला पाठवताना आकार कमी व्हावा म्हणून ही वही काढून टाकायची पद्धत आहे, आणि मग रात्री क्रॅश आला की समोर नुसते बाइट. वही असली तरी कंपायलरने कोड वेगवान करताना एखादं व्हेरिएबल गिळलेलं असेल तर डीबगर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढंच सांगतो. लोक त्यावर चिडतात. मला ते उत्तर आवडतं. ‘मला माहीत नाही’ म्हणणारी टूलं फार थोडी.

आता सी प्लस प्लसचा मॅप घ्या. वापरणाऱ्याच्या लेखी ती की आणि व्हॅल्यूंची यादी. आत तो रेड-ब्लॅक ट्री असतो, म्हणजे नोडना लाल-काळा रंग देऊन तोल राखणारा ट्री. जुन्या जीडीबीत मॅप छापला की यादी येत नसे. लायब्ररीच्या पोटातली, सगळी ‘अंडरस्कोर एम’ने सुरू होणारी फील्डं येत: हेडर नोड, त्याचा रंग लाल, त्याचा पेरंट, डावा, उजवा, आणि एकूण नोडची संख्या. तुम्हाला हवी असलेली व्हॅल्यू बघायला त्या डाव्या-उजव्याचा हात धरून पत्त्यामागून पत्ता उतरत जायचं, प्रत्येक नोडचा प्रकार हाताने बदलून घ्यायचा. ऑक्टोबर २००९मध्ये जीडीबी ७.० आला आणि त्यात पायथन लिहिता येऊ लागलं. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आपल्या रचना कशा दाखवायच्या याचे ‘प्रिटी प्रिंटर’ लिहून दिले. मॅप छापला की मॅप दिसू लागला. व्हिज्युअल स्टुडिओवाल्यांना २०१२च्या आवृत्तीपासून तेच काम एक्सएमएलमध्ये करता येतं, नॅटव्हिस नावाने. ज्यांनी आधीचे दिवस काढलेले नाहीत त्यांना या सोयीची किंमत सांगून पटणार नाही.

पण प्रिटी प्रिंटर रचना धड आहे असं धरून चालतो. व्हेक्टरच्या, म्हणजे लागेल तशा वाढणाऱ्या ॲरेच्या, आत तीन पॉइंटर असतात: सुरुवात, भरलेल्याचा शेवट, आणि घेतलेल्या जागेचा शेवट. प्रिंटर शेवटातून सुरुवात वजा करतो आणि लांबी सांगतो. कन्स्ट्रक्टर (रचना मांडून देणारा कोड) चालायच्या आधीच्या ओळीवर थांबून असा व्हेक्टर बघितलात तर लांबी काही कोटी, किंवा उणे, आणि आयडीईचं (ज्यात कोड लिहितो आणि डीबग करतो त्या सॉफ्टवेअरचं) चक्र फिरत बसतं. हा गोंगाट तरी बरा. काहीतरी बिनसलंय हे कळतं. व्हिज्युअल सी प्लस प्लसचा डीबग बिल्ड तर मुद्दाम गोंगाट करतो: हात न लावलेल्या हीप मेमरीत (प्रोग्रॅमने चालताना मागून घेतलेल्या) ‘सीडी’ हा बाइट भरून ठेवतो, स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेत) ‘सीसी’, सोडून दिलेल्या जागेवर ‘डीडी’. सीडीसीडी अशी रांग दिसली की अनुभवी माणूस पुढे बघतच नाही. चिनी विंडोजवर तोच ‘सीसी’ दोन-दोनच्या जोडीने एक चिनी अक्षर होऊन स्क्रीनभर उमटतो आणि तिकडच्या विद्यार्थ्यांत त्याचे विनोद चालतात. वाईट असतो तो प्रिंटर, जो मोडलेल्या रचनेवरूनही काहीतरी पटण्यासारखं सांगतो. जो गप्प राहत नाही आणि ओरडतही नाही.

पायथनमध्ये तर पत्त्यांची भानगडच नाही असं म्हणतात. तिथली एक ओळ बघा, जी नवीन आलेली पोरं हटकून लिहितात: तीन शून्यांची लिस्ट घ्यायची, तिला चौकटी कंसात घालायचं आणि तीनने गुणायचं. ३ बाय ३ जाळी तयार. प्रिंट मारा: शून्यांच्या तीन ओळी. पहिल्या ओळीतलं पहिलं घर १ करा आणि पुन्हा प्रिंट मारा: तिन्ही ओळींत पहिलं घर १. आता दिवसभर बसा. लिस्ट एकच आहे आणि बाहेरच्या लिस्टमधून तिच्याकडे तीन बाण जातात, पण प्रिंट प्रत्येक बाणामागे जाऊन जे सापडतं ते नव्याने लिहून काढतो. तो खोटं बोलत नाही. ‘हे आणि ते एकच’ हे सांगायला त्याच्याकडे जागाच नाही. फक्त एखादी लिस्ट स्वतःच स्वतःच्या आत असेल तर मात्र पायथन तीन टिंबं टाकून थांबतो, कारण तिथे न थांबून चालत नाही.

फिलिप ग्वोने २०१०मध्ये सुरू केलेल्या ‘पायथन ट्युटर’मध्ये हाच कोड टाकला की डावीकडे नावांची चौकट, उजवीकडे ऑब्जेक्टं आणि मधे बाण. तिन्ही बाण एकाच चौकोनात शिरताना दिसतात. समजवायला काही उरत नाही. मी नव्या मुलांना आधी तेच दाखवते. मोठ्या प्रोग्रॅमला ते टूल चालत नाही, पण त्याचा तो दावाही नाही.

बाणांचं चित्र यंत्रानेच काढावं ही कल्पना मात्र बरीच जुनी. ब्रॅड मायर्सने झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मेसा भाषेसाठी ‘इन्सेन्स’ नावाचं टूल केलं होतं. १९८३मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅममधलं स्ट्रक्चर द्यायचं, ते त्याचं चित्र काढतं, पॉइंटरचे बाण काढतं, आणि एखाद्या प्रकाराचं चित्र कसं हवं ते प्रोग्रॅमरला ठरवता येतं. मग १९९०च्या दशकात जर्मनीत ब्राउनश्वाइगला डोरोथेआ ल्युटकेहाउस आणि अँड्रियास झेलर यांनी डीडीडी केला, ‘डेटा डिस्प्ले डीबगर’. खाली जीडीबीच, वर खिडकी. पॉइंटरवर डबल क्लिक केलं की तो जिकडे बोट दाखवतो त्याचा नवीन चौकोन उघडतो, त्यातल्या पॉइंटरवर क्लिक केलं की पुढचा. दिसायला रुक्ष, लिनक्सवरच्या त्या काळच्या करड्या बटणांचा. पण लिंक्ड लिस्ट जर्नलमधल्यासारखी समोर पसरत जाते हे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यातच.

आणि त्यातला एक पर्याय मला अजून ग्रेट वाटतो. शेवटचा नोड परत पहिल्याकडे बोट दाखवत असेल, तर क्लिक करत गेल्यावर चौकोनामागून चौकोन निघतच राहतात, लिस्ट संपतच नाही. ‘एलियस शोधा’ (एलियस म्हणजे एकाच जागेचं दुसरं नाव) हा पर्याय चालू केला की डीडीडी पत्ते ताडून बघतो, एकाच पत्त्याचे सगळे चौकोन एकावर एक आणतो आणि लांबलचक माळेचं एकदम कडं होतं. मेमरीत काहीही बदललेलं नसतं. आपल्या सरांचं ‘आधी पत्ते उतरवून घ्या’, बाकी काही नाही. पण ते मेनूत शोधावं लागतं, आणि आधी संशय यावा लागतो.

बघितल्याने बघायची वस्तूच बदलते, हा प्रकार जाव्हा आणि पायथनवाल्यांना जास्त भोगावा लागतो. आयडीई थांबला की दिसतील त्या ऑब्जेक्टांचं ‘टू-स्ट्रिंग’, म्हणजे ऑब्जेक्ट मजकुराच्या रूपात देणारी मेथड, परस्पर बोलावतो. त्या मेथडने डेटाबेसमधून आळशीपणे मागे ठेवलेला भाग आणला, की डीबगरखाली सगळं भरलेलं दिसतं आणि बाहेर चालवलं की रिकामं. “माझ्या मशीनवर होत नाही” हे वाक्य अशा वेळी अगदी प्रामाणिक असतं. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये क्वेरीसेट (डेटाबेसमधून आणायच्या नोंदींचा संच) नुसता बघायचा म्हटलं तरी क्वेरी जाते. दाखवायला वीस, आणि पुढे आणखी आहेत का हे कळायला एक जास्त. म्हणून क्वेरीच्या लॉगमध्ये ‘लिमिट २१’ दिसली की शंका घ्यावी, कुणीतरी कन्सोलवर किंवा डीबगरमध्ये डोकावून गेलं असेल.

याच्या अगदी उलट्या टोकाचं एक टूल आहे, पाहोल. ब्राझीलच्या अर्नाल्डो कार्व्हाल्यो दे मेलोने लिहिलेलं. ड्वार्फच्या वहीतून माहिती काढणाऱ्या त्याच्या टूलांच्या संचाबद्दल त्याने २००७मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत ‘सात बुटके’ अशा अर्थाच्या नावाचा निबंध मांडला होता. पाहोलचा भर किमतींवर नाहीच, तो मधल्या मोकळ्या जागा दाखवतो. एक कॅरेक्टर, मग एक डबल, मग एक इंट, असं स्ट्रक्चर लिहा. १, ८ आणि ४ मिळून १३ बाइट, असं आपलं गणित. नेहमीच्या ६४ बिटी मशीनवर ते २४ निघतात: डबल आठच्या पटीतल्या पत्त्यावर बसतो म्हणून कॅरेक्टरनंतर ७ बाइटचं भोक, आणि शेवटी ४ बाइटची भर. डबल वर, मग इंट, मग कॅरेक्टर असं लावलं की १६. एका स्ट्रक्चरमागे आठ बाइट. असे लाखो असले तर फरक पडतो. जीडीबीनेही पुढे, ८.१मध्ये, ‘पीटाइप’ या प्रकार छापणाऱ्या कमांडला तशी सोय जोडली. इतकी वर्षं रोज समोर असलेल्या स्ट्रक्चरमध्ये भोकं आहेत हे कुठल्याच डीबगरच्या खिडकीत दिसत नव्हतं, कारण तिथे फील्डं छापतात. जे फील्ड नाही ते छापायचं कुणाला सुचणार?

हे सगळं ज्या प्रकरणामुळे एका जागी आलं ते आता सांगते. एका संस्थेसाठी आमचं सॉफ्टवेअर मराठीतल्या याद्या छापत असे. तिकडून तक्रार आली की महिलांच्या यादीत एक पुरुष आलाय. नाव ज्ञानेश्वर. अर्जात ज्ञानेश्वरी होतं. टायपिंगची चूक असणार असं म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी हात झटकले. पण डेटाबेसमध्ये बघितलं तर ज्ञानेश्वरीच. पीडीएफमध्ये ज्ञानेश्वर. मधे ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावून आयडीईत व्हेरिएबलवर माउस नेला: ज्ञानेश्वर. म्हणजे आधीच कुठेतरी वेलांटी गेलीय. पण एकाच बाईची का? यादीत ‘ई’कारान्त नावं भरपूर. राजश्री ठीक, भाग्यश्री ठीक, माधुरी ठीक.

“हॉव्हरवर काय विश्वास ठेवतेस,” शेजारचा म्हणाला. “बाइट बघ.”

सर्व्हरवर जीडीबी लावला. ते स्ट्रक्चर सी लायब्ररीतलं, नावाला ३२ बाइटचा कॅरेक्टर ॲरे. ‘एक्स’ कमांडने ३२ बाइट ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायाच्या आकड्यांत, मागितले. ओळीला आठ, अशा चार ओळी आल्या. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेलं एकेक चिन्ह) यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतो, आणि ऑक्टलमध्ये पहिला बाइट कायम ३४०, दुसरा २४४ किंवा २४५. हे माहीत असलं की रांग वाचता येते: ३४०, २४४, २३४ म्हणजे ज, ३४०, २४५, २१५ म्हणजे हलन्त. असं करत चौथ्या ओळीवर आलो: ३४०, २४४, २६५ हा व, ३४०, २४४, २६० हा र, मग ३४०, मग शून्य.

तो एकटा ३४०. पुढे २४४ नाही, २४५ नाही, थेट शून्य.

ज्ञानेश्वरी या नावात ११ कोडपॉइंट आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. त्यांचे ३३ बाइट. ३२च्या ॲरेत नाव संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य सोडून जागा ३१ची. ज्ञानेश्वरचे ३० बरोब्बर बसले आणि वेलांटीच्या तीनपैकी एक बाइट आत शिरला, दोन दाराबाहेर राहिले. पीडीएफ लायब्ररीने तो एकटा बाइट निरर्थक म्हणून गाळला. आयडीईच्या हॉव्हरनेही गाळला. दोघांचं एकमत झालं आणि म्हणून आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. दोन्ही खिडक्या एकाच प्रकारच्या सौजन्याने वागत होत्या. खरखरीत, कुरूप, कुणाच्याही बाजूने न बोलणाऱ्या ऑक्टलच्या चार ओळींनी वेगळं सांगितलं.

दुरुस्तीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, सोपं आहे, कापताना अक्षराच्या मधे कापू नका, कोडपॉइंटच्या सीमेवर कापा. सगळ्यांनी मान डोलावली आणि मग दोन-तीन जणांच्या एकदमच लक्षात आलं: सीमेवर कापलं असतं तर ३० बाइटवरच कापलं असतं. नाव ज्ञानेश्वर. यूटीएफ-८ शुद्ध, ऑक्टल शुद्ध, मागे एकही धागा नाही. चार ओळीही हॉव्हरच्याच बाजूने बोलल्या असत्या. बेशिस्त कापलं म्हणून तरी सापडलं. शेवटी कापायचंच नाही, जागा पुरत नसेल तर नाव नाकारून एरर द्यायची, असं ठरलं. त्यासाठी तीन टीमच्या परवानग्या लागल्या, ते जाऊ दे.

त्यानंतर मी त्या स्ट्रक्चरसाठी जीडीबीचा एक प्रिटी प्रिंटर लिहिला. पायथनचा छोटा क्लास: ॲरे वाचायचा, डीकोड करायचा, आणि नाव, बाइटसंख्या, कोडपॉइंटसंख्या आणि अक्षरसंख्या एका ओळीत द्यायची. डीकोड होत नसेल तर नाव दुरुस्त करून दाखवायचं नाही, उरलेले बाइट ऑक्टलमध्ये तसेच शेपटाला लावायचे. शिवाय बाइटसंख्या ३० किंवा ३१ असेल तर एक उद्गारचिन्ह, कारण काठोकाठ भरलेल्या डब्यातलं नाव पूर्ण आहे की कापलेलं हे डब्याकडे बघून सांगता येत नाही. ज्याला माझं मत नको असेल त्याने छापताना ‘स्लॅश आर’ लावावा, जीडीबी प्रिंटरला बाजूला सारून कच्चा माल देतो.

उद्गारचिन्हाला रिव्ह्यूत विरोध झाला. प्रिंटरने दाखवावं, शंका काढू नये, असं एकाचं म्हणणं. मी ते काढलेलं नाही. खरी अडचण दुसरीच निघाली. चाचणीसाठी डब्याबाहेरचं पूर्ण ज्ञानेश्वरी प्रिंटरच्या मोजणीला दिलं की माझ्या मशीनवर ‘३३ बाइट, ११ कोडपॉइंट, ४ अक्षरं’ येतं: ज्ञा, ने, श्व, री. रिव्ह्यू करणाऱ्याच्या मशीनवर अक्षरं ६. त्याची युनिकोड लायब्ररी जुनी आहे, २०२३च्या १५.१ आवृत्तीआधीच्या नियमात हलन्तापाशी अक्षर तुटायचं, म्हणजे ज्ञाचे दोन आणि श्वचे दोन. त्याने लिहिलंय की सर्व्हरवरही जुनीच आहे, तेव्हा प्रिंटरने सर्व्हरला जे वाटतं तेच दाखवावं. मी लिहिलंय की मग ओळीत दोन्ही आकडे छापू, आणि कुठला कुणाचा तेही. तो म्हणतो ओळ लांब होते.